एका नोंदीतले दोन बुध्या

मोखाड्याच्या बाजारात तुळशीदासला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि त्याच्या हातचा मार कधीच खाल्ला नाही असं छातीवर हात ठेवून सांगणारेही थोडेच. विमा विकणारा माणूस म्हणजे गोडबोल्या, असा आपला समज असतो. तुळशीदास त्यातला नव्हे. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. आधी हात, मग बात. स्टँडवर एका म्हातारीला जीपमधून ढकलून देणाऱ्या ड्रायव्हरची बोटं त्यानं त्याच जीपच्या दारात धरून दार लावलं होतं. आणि एवढं करून आठ दिवसांनी त्याच ड्रायव्हरला विमा विकला. ड्रायव्हरनं एकच विचारलं, "बोटं मोडली तर मिळतात का पैसं?"

माणूस मूळचा साखरशेतचा. घरची वीतभर जमीन नाही. आजानं दुसऱ्याच्या शेतात नाचणी लावली, बापानं दुसऱ्याच्या शेतात भात कापला, आणि कापणी झाली की सगळं घर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर. तिथंच, तुळशीदास सतरा वर्षांचा असताना, खणलेल्या मातीचा कडा बापाच्या अंगावर आला. फावडी लावून बाहेर काढला तेव्हा बापाच्या तोंडात, नाकात, डोळ्यांत माती गच्च भरलेली होती. मालकाच्या मुनीमनं ट्रॅक्टर दिला आणि वर तांदळाची एक गोणी दिली. बाप आणि गोणी एकाच ट्रॉलीत आले. मुनीम म्हणाला, "आता मिटलं बरं का." तुळशीदासनं हाताला लागलेली भाजकी वीट उचलली आणि त्याचा जबडा मोडला. मग चौघांनी त्याला ट्रॅक्टरच्या चाकाला बांधून दिवसभर बडवला. समोरचे दोन दात गेले, एक बरगडी वाकडी जुळली. राग आला की ती बरगडी दुखते असं तो सांगतो. म्हणजे ती बारा महिने दुखत असणार.

पुढं जव्हारला एका विमा कंपनीची शाखा निघाली. तिला पाड्यापाड्यावर पायी जाणारे एजंट हवे होते. दहावी झालेला तुळशीदास तिथं जाऊन बसला. त्याचं विक्रीचं भाषण वीस वर्षांत एका शब्दानं बदललं नाही. भट्टीवर, खदानीवर निघालेल्या माणसाला अडवायचा आणि म्हणायचा, "तू मेलास तर तुझ्या बायकोच्या हातात गोणी येऊ द्यायचा नाय मी. पैसं ठेवीन. नाय ठेवलं तर भर बाजारात माझ्या तोंडात मार." लोक हप्ता कंपनीकडं बघून भरत नव्हते. कंपनी कुणी पाहिली होती? लोक त्याच्या तोंडाकडं, त्या दोन दातांच्या खिंडीकडं बघून भरत होते.

आता इकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही. वरच्या पाड्यांवर मूल ज्या वारी जन्मलं, त्या वारावरून पुष्कळदा त्याचं नाव पडतं. बुधवारचा बुध्या, सोमवारचा सोम्या, शुक्रवारची सुकी. बापाचं नावही वारच. जन्मतारीख घरात कुणाला ठाऊक नसते. शाळेत नाव घालताना मास्तर सरसकट एक जून लिहून मोकळे होतात. त्यामुळे एकट्या सूर्यमाळला बुध्या सात, आणि त्यातल्या दोघांचे बाप सोम्या, दोघांचं आडनाव एक, दोघांचा जन्म एकाच सालच्या एक जूनचा. पाड्यावर कुणाचा घोटाळा होत नाही. एक चिंचेखालचा बुध्या, दुसरा गालावर वण असलेला बुध्या. बस.

शाखेत कागदपत्रं सांभाळायला वनमालाताई होत्या. जव्हार गावातल्या, नोकरदार घरातल्या, बोलायला कडक. कंपनीचं जुनं मशीन म्हणजे काळा पडदा आणि त्यावर हिरवी अक्षरं. त्यात पत्त्याच्या तीन ओळी होत्या आणि तिसरी कायम रिकामी राहायची. तुळशीदास बुध्यांचे अर्ज घेऊन आला की वनमालाताई विचारायच्या, "यातला कुठला?" तो सांगायचा आणि त्या तिसऱ्या ओळीत टाकायच्या: चिंचेखालचा. गालावर वण. बहिऱ्याचा जावई. ही युक्ती कुठल्या पुस्तकात नव्हती. पण वीस वर्षांत एका माणसाचा पैसा दुसऱ्याकडं गेला नव्हता.

गेल्या पावसाळ्यात ठाण्याहून नेत्रा नावाची इंजिनीयर आली. पोरगी हुशार, पण घाईची. कंपनी जुनं मशीन काढून नवं बसवत होती, तेही एकदम नव्हे. नेत्रानं सगळ्या एजंटांना बसवून समजावलं, "काका, हे राहतं घर आहे. सगळं एका दिवसात पाडलं तर आतली माणसं जातील कुठे? म्हणून एकेक खोली. आधी हप्ते भरायची खोली नवी झाली. आता ग्राहकांच्या नावांची. क्लेमची खोली अजून जुन्यातच राहील. ती नव्या खोलीला विचारून काम करेल. मग तीही बदलू."

वनमालाताईंनी हात वर केला. "आणि ती तिसरी ओळ?"

"कुठली तिसरी ओळ?"

वनमालाताईंनी सांगितलं. नेत्रानं वहीत टिपून घेतलं आणि म्हणाली, "हे पुढच्या टप्प्यात घेऊ."

मग तिनं तुळशीदासपुढं एक यादी ठेवली. मशीनला एकच माणूस दोनदा नोंदवलाय असा संशय आलेल्या तीनशे बारा जोड्या. "काका, ही तुमची माणसं, तुम्हीच ओळखाल. जिथं दोन माणसं खरंच वेगळी आहेत तिथं काट मारा. जिथं काट नसेल त्या जोड्या एक होतील. आणि शेवटी सही करा."

तुळशीदासच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. वीस वर्षं ज्या डोंगरात पाय झिजवले, तिथं कोण कोण राहतं याची परीक्षा ही कालची पोर घेणार? त्यानं टेबलावर अशी मूठ आदळली की चहाचे दोन ग्लास खाली जाऊन फुटले. "माझ्या मान्सांची चौकशी मशीन करनार? मशीन चढलाय का कधी सूर्यमाळ?" वनमालाताई म्हणाल्या, "अहो तुळशीदास, निदान सूर्यमाळचं पान तरी बघा." त्यानं पान पाहिलं नाही. एकही काट न मारता शेवटच्या पानावर कागद फाटेल इतकी दाबून सही केली, यादी नेत्राच्या अंगावर भिरकावली आणि दार आपटून निघून गेला. नेत्रा रडली. मग डोळे पुसून तिनं सही केलेली यादी ठाण्याला पाठवून दिली. तिचंही काही चुकलं नाही, असं म्हणायला जीभ रेटत नाही. पण सही तिची नव्हती.

डिसेंबरात चिंचेखालचा बुध्या खदानीत गेला. सुरुंग लावला, तो उडाला नाही. ठेकेदारानं "बघून ये" म्हणून पाठवला, आणि बुध्या वाकून बघत असताना तो उडाला. जे सापडलं ते पोत्यात बांधून सूर्यमाळला आणलं. बायकोनं, वेणूनं, कमरेच्या करगोट्यावरून नवरा ओळखला. तिला दोन पोरी. ठेकेदार दुसऱ्याच दिवशी सांगत आला, त्याच्या जागी तू ये, पोरींनाही खडी फोडायला आण. वेणूनं तुळशीदासचा हात धरला. "भाऊ, मला त्या खदानीवर जायचा नाय. पोरींना नेऊन त्याच खड्ड्यात उभी करू?"

"नाय जायचा तुला," तुळशीदास म्हणाला. "पैसं मी आनतो. शब्द हाय."

क्लेमचे कागद त्यानं स्वतः जव्हारला नेले. जानेवारी गेला. फेब्रुवारीत त्याच्या मोबाइलवर संदेश आला, क्लेम मंजूर, रक्कम दिली. त्यानं निरोप पाठवला, वेणू बँकेत गेली, खातं कोरडं. पुन्हा गेली, कोरडंच. ठेकेदाराचा माणूस रोज दारात येऊन बसू लागला. आणि मेलेल्या बुध्याचा धाकटा भाऊ, वाळू, याच्या कानावर मार्चमध्ये आलं की पैसे तर आले, सूर्यमाळलाच आले, पण ते गालावर वण असलेल्या बुध्याच्या बायकोच्या, सुकीच्या खात्यात आले.

वाळूनं सरळ हिशेब केला: एजंटनं आणि त्या बाईनं मिळून खाल्ले. मोखाड्याच्या आठवडे बाजारात त्यानं तुळशीदासला मिरच्यांच्या ढिगाशी गाठलं. काही विचारलं नाही. हातातली दांडकी आधी पाठीत, मग मांडीवर, मग तोंडावर. ओठ फाटला. तुळशीदास मिरच्यांत पडला, तर वाळूनं त्याच्या मोटारसायकलची नळी उपटली, तिच्याच टाकीतलं पेट्रोल तिच्यावर सोडलं आणि काडी लावली. "भर बाजारात मार म्हनालेलास ना? घे!" लोक मागं सरले. तुळशीदास एरवी अशा वेळी दोघातिघांना पुरून उरायचा. त्या दिवशी त्यानं हात उचलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मार खाताना त्याला वाटत होतं की मारणाऱ्याचं बरोबर आहे.

सुजलेलं तोंड घेऊन तो जव्हारला गेला. तारीख होती तीस. वनमालाताईंनी त्याला पाणी दिलं आणि दोन्ही मशीनं शेजारी शेजारी उघडली. नेत्राही त्या दिवशी शाखेतच होती, पुढच्या खोलीच्या कामासाठी आलेली. नव्या मशीनमध्ये सूर्यमाळला बुध्या सोम्या एकच होता. मृत. क्लेम दिला. वारस सुकी. जुन्या काळ्या पडद्यावर मात्र दोन हिरव्या ओळी अजून होत्या, एकीपुढं चिंचेखालचा, दुसरीपुढं गालावर वण. क्लेमच्या जुन्या खोलीनं नव्या खोलीला विचारलं होतं, बुध्याचं वारस-खातं कोणतं? नव्या खोलीनं दोन बुध्यांचा एक करून, त्यातलं अलीकडचं खातं दिलं होतं.

"पण दोघांचा एक केला कुनी?" तुळशीदास ओरडला. "कुठाय तो? दाखवा मला!"

नेत्रानं पडद्यावर यादीचं शेवटचं पान उघडलं. कागद फाटेल इतकी दाबून केलेली सही.

मारायला समोर दुसरं कुणी नव्हतं. तुळशीदासनं भिंतीवर कपाळ आपटलं, एकदा, दोनदा, वनमालाताई दंडाला लोंबकळेपर्यंत. भिंतीच्या चुन्यावर रक्ताचा डाग राहिला. "बस झालं!" त्या करवादल्या. "डोकं फोडून वेणूला काय मिळणार? नेत्रा, उपाय सांग."

नेत्रानं सांगितलं ते असं. नावांची जुनी खोली अजून पाडलेली नाही, म्हणून तर दोन ओळी दिसताहेत. उद्या एकतीस तारखेला संध्याकाळी पाच वाजता ती कायमची बंद होणार. ठाण्याहून ठरलंय, तिच्या हातात नाही. त्याआधी गालावर वण असलेला बुध्या इथं येऊन बसला, त्याचा अंगठा घेतला आणि तो जिवंत आहे हे सिद्ध झालं, तर ती एका नोंदीच्या दोन करू शकते. मग सुकीचा पैसा परत, वेणूचा क्लेम पुन्हा चालू.

"आणि उद्यापर्यंत तो मेला तर?" वनमालाताईंनी विचारलं.

"तर काही चुकलंच नाही," नेत्रा हळू आवाजात म्हणाली. "बुध्या मेला, त्याच्या बायकोला पैसे मिळाले. फाइल बरोबर आहे. वेणूच्या बुध्याची नोंदच नाही."

आता हा गालावर वण असलेला बुध्या काय चीज होती ते ऐका. दिवाळीनंतर भट्टीवर गेला की शिमग्यापर्यंत त्याचा पत्ता नसायचा. फोन दारूत विकलेला. घरी असला की सुकीला मारायचा. काठीनं, हंड्यानं, सापडेल त्यानं. तिचा डावा हात कोपरात सरळ होत नाही तो त्याच्यामुळं. फेब्रुवारीत बँकेच्या माणसानं तिला मोखाड्यात सांगितलं, बाई, नवरा वारल्याचे पैसे आलेत. सुकीला वाटलं, मेला असेल भट्टीवर. असे मरतातच. तिनं बांगड्या फोडल्या, दिवस घातले, थोडे पैसे काढून पाड्याला जेवण दिलं, बाकीच्याला हात लावला नाही. दिवाळीपासून तिच्या अंगावर नवा वळ उठला नव्हता, आणि आता कधीच उठणार नव्हता. आणि शिमग्याला जीपमधून बुध्या उतरला, जिवंत. बायका भूत म्हणून किंचाळल्या. खात्यात पैसे आहेत हे कळल्यावर त्यानं जे मारायला सुरुवात केली, ती थांबलेली नव्हती.

एकतीसला सकाळभर शोधून तुळशीदासला जीप मिळाली, आणि अख्खी जीप भाड्यानं करून तो दुपारी सूर्यमाळला चढला. विहिरी आटल्या होत्या. बायका हंडे घेऊन रांगेनं खाली उतरत होत्या आणि त्याच्याकडं न बघता जात होत्या. सुकीच्या घरासमोर पोचला तेव्हा बुध्यानं तिचे केस मुठीला गुंडाळले होते आणि तिला अंगणातून फरफटत रस्त्याकडं चालवलं होतं. "चल बँकेत! काढ!" सुकीचं कपाळ फुटलेलं, एक डोळा रक्तानं मिटलेला. ती ओरडत नव्हती. ओरडून काही होत नाही हे माहीत असलेल्या माणसासारखी ती फक्त पाय रोवत होती.

तुळशीदास कशाला आला होता ते क्षणात विसरला. पहिला ठोसा बुध्याच्या वणावर बसला. दुसऱ्यानं नाक मोडल्याचा आवाज आला. बुध्या पडला तसा तो त्याच्या छातीवर बसला आणि मारत सुटला, मुनीमला मारावं तसा, ठेकेदाराला मारावं तसा, आपल्या सहीला मारावं तसा. हाताला दगड लागला. तो त्यानं डोक्यावर उचलला.

"मारू नको भाऊ," सुकी म्हणाली.

"हा मानूस हाय का? कशाला वाचवतेस?"

"त्याला नाय वाचवत. तू मारून जाशील. त्याची फेड उद्या माझ्या अंगावर व्हते. मागं दोनदा झाली."

मागं दोनदा. तुळशीदासला ते दोन्ही दिवस आठवले. त्यानं बुध्याला बाजारात बदडलं होतं आणि छाती फुगवून घरी गेला होता, चांगलं काम केलं म्हणून. दगड त्याच्या हातात जड झाला. त्यानं तो बाजूला टाकला. मग त्याला फाइल आठवली. हा माणूस आज पाचपर्यंत मरता कामा नये. जगात या माणसाच्या जिवाची गरज दुसऱ्या कुणाला नसेल, वेणूला होती.

आणि तेवढ्यात चिंचेकडून वाळू आला. हातात कोयता, डोळे तांबडे. "सर बाजूला, तुळशीदादा. माझा भाव पोत्यात आला, नि हा त्याच्या पैशावर जिता? एकच बुध्या मेला पायजे व्हता तर हा का नाय?"

"वाळू, ऐक—"

वाळूनं ऐकलं नाही. बुध्या हातापायांवर सरपटत होता. वाळूचा कोयता त्याच्या मानेवर आला. तुळशीदासनं मधे डावा हात घातला. पातं करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटातून तळव्याच्या हाडापर्यंत गेलं आणि तिथंच अडकलं. तुळशीदासनं उरलेल्या बोटांनी ते पातं गच्च धरून ठेवलं. रक्त कोपरापर्यंत ओघळून बुध्याच्या पाठीवर टपटपू लागलं.

"ह्याला मार," तो दातओठ खाऊन म्हणाला, "नि वेणूला पाठव खदानीवर. कळला? हा जिता हाय तवर तुझा भाव मेला. हा मेला की तुझा भाव जन्मलाच नव्हता. माझ्या सहीनं केलाय हे. तुला कापायचा तर मला काप, पाचनंतर."

वाळूला अर्धंच कळलं असेल. पण त्यानं कोयत्याची मूठ सोडली. मग डोक्याचं फडकं सोडून, त्यानंच तुळशीदासचा हात करकचून बांधला. बांधताना वाळू रडत होता.

ती जीप जव्हारकडं कशी गेली ते सांगितलं तर खोटं वाटेल. मागं मधोमध बुध्या, नाक फुटलेला. त्याच्या एका बाजूला तुळशीदास, दुसऱ्या बाजूला वाळू, मांडीवर कोयता; थोड्या वेळापूर्वी ज्याला तोडायला निघाला होता तो पळून जाऊ नये, मरू नये म्हणून आता राखणीला बसलेला. पुढं सुकी, पैसे परत करायला तिचाही अंगठा लागणार होता. वाटेत दवाखान्यापाशी ड्रायव्हरनं विचारलं, थांबू का? तुळशीदास म्हणाला, "पाचनंतर."

चार वाजून वीस मिनिटांनी ते शाखेत शिरले. नेत्रा रक्त बघून पांढरी पडली, पण तिनं हात चालू ठेवले. बुध्याला कॅमेऱ्यासमोर बसवला. अंगठा ठेवला. मशीननं घेतला नाही. पुन्हा ठेवला. नाही. वीस वर्षं ओल्या मातीत आणि गरम विटांत घासून त्याच्या अंगठ्यावर रेघच उरली नव्हती. उजवा नाही, डावा नाही. चार चाळीस. वनमालाताईंनी कोमट पाण्यात फडकं भिजवून एकेक बोट पुसलं, मातीनं भरलेल्या भेगा पिनेच्या टोकानं उकरल्या. बुध्या ओरडायला लागला तर त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली. वीस वर्षांत वनमालाताईंनी कुणावर हात टाकलेला तिथं कुणी पाहिला नव्हता. चार बावन्नला उजव्या हाताची अनामिका लागली. पडद्यावर हिरवी खूण उमटली.

नेत्रानं जुन्या खोलीतल्या दोन ओळी नव्या खोलीत ओढून आणल्या. मग कुणाला न विचारता तिनं पत्त्याखाली एक नवीन रकाना उघडला, वर नाव दिलं 'खूण', आणि वनमालाताईंकडं बघितलं. वनमालाताईंनी सांगितलं, तिनं टाइप केलं. चिंचेखालचा, मृत, वारस वेणू. गालावर वण, जिवंत. सुकीनं पैसे परत करायच्या कागदावर अंगठा उमटवला. "वेणूताईंचे पैसे आठ दिवसांत," नेत्रा म्हणाली, आणि खुर्चीत मागं रेलली. वाळू जमिनीवर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

तुळशीदासनं भिंतीला पाठ टेकली. हात आता ठणकायला लागला होता. शब्द पाळला होता त्यानं, दोन बोटं देऊन, आणि तरी त्याला बरं वाटत नव्हतं. कारण सुकी पडद्याकडं बघत होती.

"बाई," तिनं नेत्राला विचारलं, "म्हंजी आता हा जिता झाला?"

"हो."

"मेलेलाच राहू देता येत नाय का?"

वनमालाताईंनी मान फिरवली. बुध्यानं तोंडातलं रक्त चहाच्या कपात थुंकलं, उठला आणि सुकीचं मनगट धरलं. "चल घरी. बघतो तुला."

तुळशीदासची उजवी मूठ आपोआप वर गेली.

सुकीनं मनगट सोडवून घेतलं, हिसका न देता, एकेक बोट उलगडून. "मी येत नाय. मशीननं केला असंल ह्याला जिता, मी नाय केला. मी ह्याचं दिवस घातलंत, पाड्याला जेवन दिलाय. मी माझ्या आईकडं जातंय." मग ती तुळशीदासकडं वळली आणि त्याची वर गेलेली मूठ तिनं हातानं खाली केली. "आनि तू मारू नको भाऊ. मेलेल्या मान्साला कोन मारतो?"

ती पायऱ्या उतरून गेली. बुध्या तिच्यामागं दोन पावलं गेला आणि दारात थांबला, कारण वाळू कोयता घेऊन उठला होता आणि वनमालाताई दाराला आतून कडी घालत होत्या.